लुअर टाकायला पाण्यात उतरता येईल अशी जागा कोकणात कशी शोधायची?

भटका_खेकडा · सोमवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. राहतो ठाण्यात, आजोळ मालवण तालुक्यातलं. गरवायचा नाद तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी जेटीवर बसून कोळंबी लावून शेंगाळे काढले, मग लुअरचं (माशासारख्या नकली आमिषाचं) वेड लागलं आणि खडपांवर उभा राहायला लागलो. आता खडपांची भीती बसलीय. मार्चमध्ये शेवाळावरून घसरलो, रील दगडावर आपटलं आणि कोपर कालवांवर फाटलं.

म्हणून ठरवलंय की यंदा गुडघा-मांडीएवढ्या पाण्यात उभं राहून गरवायचं. व्हिडिओत बघायला फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोनदा प्रयत्न केला. एकदा अलिबागला. ओहोटीच्या मागे मागे अर्धा किलोमीटर चालत गेलो तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना, आणि रंग अमृततुल्य चहाचा. लुअर दोन फुटांवर दिसत नव्हतं, माशाला काय दिसणार? दुसऱ्यांदा एका खाडीत उतरलो तर मांडीपर्यंत चिखलात. मी निघालो, डावा बूट निघाला नाही. बायको अजून विचारते, दुसरा बूट कुठाय.

सामान: ९ फुटी रॉड, ४००० चं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), ४० पौंडी लीडर (लुअरजवळचा जाड दोरीचा तुकडा). लुअरमध्ये १० सेंटीमीटरचे मिनो, दोन पॉपर, थोडे सॉफ्ट प्लास्टिक.

दिवाळीचे पाच दिवस आजोळी आहे. कुणाची राखीव जागा मागत नाही (सांगितलीत तर नाही म्हणणार नाही). मला जागा *शोधायची* कशी ते सांगा. नकाशात समुद्र सगळीकडे निळाच दिसतो.

---

सुकट_बोंबील · सोमवार, रात्री १०:३१

वाचतोय. बुटाला श्रद्धांजली.

---

ओहोटीचा_हिशेब · सोमवार, रात्री ११:४८

खेकडेराव, तुम्ही नकळत उत्तम सुट्टी निवडली आहे. दिवाळी म्हणजे उधाणाचीच सुट्टी. लक्ष्मीपूजनाला अमावस्या, पाडव्याला प्रतिपदा, भाऊबीजेला द्वितीया. म्हणजे भरती भरपूर चढणार आणि ओहोटी भरपूर उतरणार. एरवी पाण्याखाली असलेली जमीन अशा उधाणाच्या तीन-चार दिवसांत उघडी पडते.

वेळेचा जुना हिशेब माहीत नसेल तर सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, दिवसा आणि रात्रीही. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की ओहोटी. हा ढोबळ हिशेब मुंबईचा. मालवणकडे पाणी थोडं आधी चढतं आणि आधी उतरतं, तेव्हा नेमकी वेळ त्या भागाच्या भरतीच्या तक्त्यातच बघा.

आता गंमत बघा. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसात-पावणेआठला. तुमच्याकडे त्याच्याही आधी. म्हणजे नुकतं उजाडलंय, मतलई वारा जमिनीकडून वाहतोय, समुद्र तेलासारखा सपाट, पाणी तळाला गेलेलं आणि आता वळणार. याहून चांगली वेळ मागू नये. उलट अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. त्यात भांगाचं पाणी, धड चढत नाही, धड उतरत नाही. खारा वारा सुटलेला असतो तो वेगळाच. नवखा माणूस सुट्टी बघून जातो आणि नेमका अष्टमीला पोचतो.

दुसरी गोष्ट, पाणी एका चालीनं चढत नाही. सहा तासांचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. समजा त्या दिवशी फरक २.४ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी फक्त २० सेंटीमीटर चढेल. तुम्ही म्हणाल, अजून वेळ आहे. दुसऱ्या तासात ४०. तिसऱ्यात ६०. म्हणजे घोट्याएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस तीन तासांत छातीपर्यंत बुडतो आणि त्यातलं निम्मं शेवटच्या तासात. मी स्वतः ओहोटीनंतर दीड तासाचा गजर लावतो. वाजला की मासा चावत असला तरी मागे फिरतो. (चावत असतोच. गजर वाजला की हमखास चावतो.)

अलिबागचं म्हणाल तर रायगडच्या उत्तरेला पाणी वर्षातला बराच काळ गढूळच असतं. फरक मोठा, उतार अगदी कमी, खाड्यांचा गाळ. जिताडा तिथला प्रसिद्ध आहे, पण तो तुम्ही गेलात तशा मोकळ्या पुळणीवर लुअरला मिळणं कठीण. रत्नागिरीच्या खाली या, पाणी निवळत जातं.

---

केवडा · मंगळवार, सकाळी ७:२०

वरच्या हिशेबाला माझं अनुमोदन. मी रत्नागिरीची, भाट्याच्या पुळणीवर वडिलांबरोबर गरवत मोठी झाले. जागा शोधण्याबद्दल लिहिते.

गूगल अर्थ उघडा, शक्यतो संगणकावर. त्यात जुनी चित्रं बघायची सोय आहे. एकाच खाडीच्या मुखाची पाच-सहा वर्षांची चित्रं एकामागोमाग बघा. काही ओहोटीची असतील, त्यात सगळं कळतं. दर वर्षी जे हलतं ती वाळू. दर वर्षी जे जागच्या जागी असतं ते खडप. आणि पावसाळ्याआधीचं चित्र दिवाळीत उपयोगाचं नाही, कारण चार महिन्यांत नदीनं वाळूचा दांडा उचलून दुसरीकडे ठेवलेला असतो.

मग पात्राचं वळण शोधा. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला खोल कापते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. उभं राहायचं आतल्या अंगाच्या वाळूवर, लुअर टाकायचं बाहेरच्या अंगाच्या खोल काठाकडे. तो काठ एखाद्या खडपाला घासून जात असेल तर देवच पावला. तांबोशी आणि चोणक हे मासे तिथेच दबा धरून असतात. सिंधुदुर्गात तळाशीलला गड नदी आणि देवबागला कर्ली नदी मुखाआधी बरंच अंतर समुद्राला समांतर वाहतात, मध्ये फक्त वाळूची पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. अशी रचना नकाशात दिसली की मी चहा बाजूला ठेवते. देवबागला पर्यटकांच्या बोटी आणि पाण्यातल्या खेळांची गर्दी असते, तिथे आठनंतर काही खरं नाही.

आता माझी फजिती. दहा वर्षांपूर्वी एका मुखाशी (गाव सांगत नाही) दांड्याच्या टोकावर उभी होते. समोरचं पाणी जेमतेम पिंढरीपर्यंत, मजेत कोकर मासे लागत होते. मागे वळून बघितलं तर मी ज्या घळीतून घोटाभर पाण्यात चालत आले होते ती भरून वाहत होती. दांड्याच्या *मागची* घळ आधी भरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कमरेच्या वर पाणी, ओढ आत खाडीकडे. रॉड डोक्यावर धरून तिरकी चालत निघाले, मध्ये दोन पावलं तळ लागला नाही. बाबा काठावर उभे होते. ओरडले नाहीत, घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून मी समोर बघत नाही. येताना घळीच्या काठावर एक काठी रोवते आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून तिच्यावर पाणी किती चढलं ते बघते.

---

जिग_मास्टर_९ · मंगळवार, सकाळी ९:०२

सगळं वाचलं. माहिती छान, पण एवढं पुराण सांगण्यापेक्षा दोन-चार लोकेशन टाका की सरळ. इतका भाव कशाला खाता? समुद्र काय कुणाच्या मालकीचा आहे का?

---

मी_पागी · मंगळवार, दुपारी १:४०

@जिग_मास्टर: समुद्र कोणाच्या मालकीचो नाय, ह्या खरा. पण रापण ओढूक दोनशे हात लागतत आणि ती फाटली तर शिवूक चार दिवस जातत. गेल्या वर्सा कोणीतरी आमच्या वाडीचो व्हिडिओ टाकल्यान, नाव-गाव-नकाशा सगळा. पुढच्या रयवारी अकरा गाडये. एकान रापणीच्या आत लुअर टाकल्यान, तीन काट्यांचो गळ जाळ्यात आणि तो काढताना माझ्या भावाच्या बोटात. म्हणान आमी जागा सांगणव नाय. राग मानू नको.

@भटका_खेकडा: तू विचारलंस ता बरोबर विचारलंस, म्हणान सांगतय. हय सगळ्यांनी तिथी सांगली, नकाशो सांगलो. माझी आवस (आई) चाळीस वर्सा सुकतीक (ओहोटीक) कालवां काढता. तिच्याकडे नकाशो नाय. पण पाय खय बुडता आणि खय नाय ता तिका काळोखातय समाजता. तुका चालण्यासारखी जागा होयी मा? मगे सुकतीक जय बायको (जिथे बायका) तिसऱ्ये, खुबे, कालवां काढतत थय जा. जय बायको जातत थय जमीन कडक. जय जाणत नाय थय कायतरी कारण आसता. आदी विचार, मगे उतर. पयल्या दिवशी रॉड घराकडेच ठेव.

---

ओहोटीचा_हिशेब · मंगळवार, दुपारी २:१५

पागीभाऊ, एका परिच्छेदात माझा अख्खा प्रतिसाद मोडीत काढलात. मान्य.

---

जिग_मास्टर_९ · मंगळवार, दुपारी ३:३०

बोटाचं वाचून वाईट वाटलं. मागे घेतो. मी गळाचे काटे चिमटीने दाबून ठेवतो, बार्ब (काट्यावरचं उलटं टोक) नसला की माशातून आणि माणसातून लगेच निघतो. एवढं तरी सगळ्यांनी करावं.

---

टेक्सासचे_तात्या · बुधवार, पहाटे ५:११

इकडून दोन पैसे. मी कॉर्पस क्रिस्टीजवळ राहतो. इकडे पाण्यात चालत लुअर टाकणं हा रविवारचा धर्म आहे. लगूना माद्रेत मैलोन्‌मैल गुडघाभर पाणी, खाली वाळू आणि समुद्रगवत. पण आमच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे आम्ही वारा बघून जातो, तिथी बघून नाही. तेव्हा इकडचे व्हिडिओ बघून कोकणात उतरू नका. इथला माणूस सकाळी सहाला उतरतो आणि दुपारपर्यंत त्याच पाण्यात उभा असतो. तुमच्याकडे तसं केलं तर श्राद्धाची तिथीही पाऊणने गुणावी लागेल.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: पाकट (स्टिंगरे). वाळूत अंग पुरून बसलेलं असतं, वरून दिसत नाही. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाशी घासत सरकवायचं. पाय बाजूने लागला तर ते निघून जातं, वरून पडला तर शेपटीचा काटा मारतं.

---

सुकट_बोंबील · बुधवार, सकाळी ८:४५

आणि मारलाच तर?

---

रात्रपाळी_डॉक्टर · बुधवार, सकाळी ११:२०

पाकट किंवा शेंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, तासभर ते दीड तास. साधारण ४५ अंश, त्याहून जास्त नको, नाहीतर पाय भाजून घ्याल. दुसऱ्या पायाने आधी अंदाज घ्या, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ बरीच उतरते. काटा छाती-पोटात घुसला असेल तर उपटू नका, तसेच रुग्णालयात जा. पायातला असला तरी डॉक्टरला दाखवाच, तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. गाडीत थर्मासभर गरम पाणी ठेवा. नाही लागलं तर चहा करा.

समुद्री साप मालवणच्या जाळ्यांत नेहमी येतात. तो दिसला तर बघायचा आणि बाजूला व्हायचं. लुअरने डिवचणारे महाभाग मी पाहिलेत.

---

केवडा · बुधवार, रात्री ९:०८

बूट राहिले. फ्लोटर्स नकोत, पट्ट्यात वाळू जाते आणि चिखलात तेच आधी सुटतात. शाळेतले कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट, आत मोजे. कालवांवरून चालताना जाड तळ हवा. छातीपर्यंतचे रबरी वेडर तर आपल्या हवेत मुळीच नकोत. घामाने शिजाल, आणि पडलात तर पाणी भरून उठता येणार नाही.

आणि मालवणात असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी सोडा. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं, आणि किल्ल्याचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो.

---

भटका_खेकडा · बुधवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. पागीदादा, तुमचं ऐकतो. पाडव्याला रॉडशिवाय जाणार. भाऊबीजेला मासे आणले तर आजी घरात घेणार नाही, तेव्हा जो मिळेल तो परत सोडायचाच आहे.

---

भटका_खेकडा · सहा दिवसांनी, रात्री ९:१५

वृत्तांत देतो. थोडा लांबेल.

पाडव्याला पहाटे साडेपाचला खाडीच्या बाजूला पोचलो. हातात फक्त बांबूची काठी. उजाडलं तशा सहा-सात बायका पाण्यात दिसल्या, साडी खोचलेली, कमरेला टोपली, हातात लहान कोयती. पहिली पंधरा मिनिटं मी काठावर नुसता उभा. मग एका मावशींनीच विचारलं, "काय हरवला काय रे?" म्हटलं, चालायला वाट शोधतोय. त्या हसल्या. म्हणाल्या, "वाट दिसता मा तुका. वळये बघ."

आणि दिसली. वाळूवर लाटांच्या वळ्या उमटल्या होत्या, रांगोळीच्या ठिपक्यांच्या ओळी पुसल्यासारख्या. तिथे पाय टाकला तर पायाखाली खडखडीत, टाचेचा ठसासुद्धा धड उठला नाही. चार हातांवर तशीच जमीन, पण वळ्या नाहीत, गुळगुळीत आणि चकचकीत. तिथे काठी टोचली तर हातभर आत गेली आणि काढताना चुळ्ळ आवाज आला. माझा बूट अशाच चकचकीत जागेनं खाल्ला होता, तेव्हा मला ती जागा उलट जास्त स्वच्छ वाटली होती.

मावशींच्या मागे मागे तासभर चाललो. त्या सरळ जात नव्हत्या, नागमोडी. मध्येच थांबून डावीकडे वळायच्या. एके ठिकाणी त्यांनी बोट दाखवलं, "थय काळा पाणी दिसता, थयसून फुडे आमी जात नाय." मी त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिलो. वाळूचा फिका हिरवा रंग आणि खोलीचा काळपट रंग यांच्यामध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. रेघेच्या पलीकडे एक खडप, कालवांनी पांढरं झालेलं. केवडाताई, तुमचं वळण, तुमचा खोल काठ, सगळं तिथे. वर्षानुवर्षं त्या बायका जिथे थांबतात तिथूनच माशाची हद्द सुरू होते. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नसतं.

त्या दिवशी फक्त बघितलं. फोनमध्ये वाटेवरच्या खुणा लिहून ठेवल्या.

भाऊबीजेला सव्वासहाला उतरलो. पाय सरकवत, काठी टोचत. मावशींच्या हद्दीच्या चार पावलं अलीकडे थांबलो, पाणी गुडघ्याच्या जरा वर. घळीच्या काठावर काठी रोवली. सातच्या सुमारास पाणी ठप्प झालं, वाहून आलेलं पान जागच्या जागी फिरायला लागलं. अर्ध्या तासात तेच पान आत जायला लागलं, आणि मग बोयी माशांचा एक थवा रेघेवर फुटला, मूठभर खडे पाण्यात फेकल्यासारखा. मिनो रेघेच्या पलीकडे टाकून रेघेवरून ओढत आणला. तिसऱ्या की चौथ्या वेळी दणका. कोकर, दोन तळहातांएवढा, पण ओढ बैलाची. सोडला.

मग खडपाच्या कडेनं टाकलं. लुअर दोन हात आलं आणि थांबलं. वाटलं दगड. दगड हलला. चोणक! पाण्याबाहेर अर्धा आला, तोंड उघडून डोकं दोन्हीकडे झटकलं, कल्ल्यांचा खडखड आवाज मला उभ्या जागी ऐकू आला, आणि लुअर माझ्या दिशेनं हवेतून परत. हात नंतर किती वेळ थरथरत होते ते सांगत नाही. आणि नेमका तेव्हाच गजर वाजला.

@ओहोटीचा_हिशेब, तुमची आठवण काढली. चांगल्या शब्दांत नाही. पण मागे बघितलं तर काठी वीतभर बुडालेली होती. निघालो.

---

ओहोटीचा_हिशेब · रात्री ९:४०

शिव्या पोचल्या. वाहवा! चोणक सुटला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हा मासा जन्मतो नर आणि वाढून मोठा झाला की मादी होतो. पाणी सोडून वर येण्याइतका मोठा होता तर आज ना उद्या अंडी घालणारी बाईच होती ती.

---

सुकट_बोंबील · रात्री ९:४४

म्हणजे भाऊबीजेला बहिणीला सोडलंत. ओवाळणी म्हणून लुअर द्यायला हवं होतं.

---

जिग_मास्टर_९ · रात्री १०:०२

मस्त लिहिलंय. गावाचं नाव विचारत नाही 🙂 तुम्ही मिनो कसला वापरला, तरंगणारा की बुडणारा?

---

भटका_खेकडा · रात्री १०:१०

तरंगणारा. बुडणारे दोन पहिल्या दहा मिनिटांत कालवांना अर्पण केले. गुडघाभर पाण्यात बुडणारा वापरूच नये असं आता माझं मत आहे. तरंगणारा अडकला की दोरी सैल सोडायची, निम्म्या वेळा आपोआप वर येतो.

---

मी_पागी · रात्री ११:२५

खेकड्या, तुका वाट दाखवल्यान ती माझी आवस. घराकडे येवन सांगल्यान, ठाण्याचो एक झील इल्लो, रॉड नाय, जाळा नाय, नुसती काठी घेवन तासभर मागसून फिरलो. तिका वाटला सरकारी मोजणीवालो. दुसऱ्या दिवशी रॉड बघल्यान तेव्हा तिका समाजला.

ती विचारता, परत कधी येतलस? पुनवेक सुकती बरी आसा. येताना बूट दोनय घालून ये म्हणान सांगल्यान. आणि तुझे ते दोन लुअर तिका कालवांत गावलेत, चुलीकडे खुटयेक अडकवन ठेवल्यान हत.